खिमट

भाजल्या मूगडाळीचा वास जिन्यात आला की शेजारपाजारच्या बायका ओळखतात, या घरातल्या बाळाला सहावा संपत आला. डाळीचा तो वास म्हणजे खिमटाची चाहूल. एरवी हा फारसा बोलबाला असलेला पदार्थ नव्हे. मळकट पांढरा रंग, रवाळ अंग, वाटीच्या कडेला किंचित चिकटून बसायची सवय. सणावाराच्या पानात तो दिसत नाही, खानावळीच्या फळ्यावर त्याचं नाव लागत नाही, घरातलं मोठं माणूस आपणहून तो मागत नाही. खिमटाचं सगळं आयुष्य एकाच गिऱ्हाइकासाठी, आणि ते गिऱ्हाईक अजून धड बसायलाही शिकलेलं नसतं.

त्याची तयारी निगुतीची. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी सालं काढलेली मूगडाळ. तांदूळ घरचा असेल तो, मुळशी-मावळाकडे आंबेमोहोर, विदर्भात कोलम. दोन्ही तीन-चार पाण्यांनी धुवायचे, निथळायचे आणि स्वच्छ सुती पंचावर घरातच पसरून खडखडीत वाळवायचे. मग जाड बुडाची कढई आणि मंद आच. तांदूळ आधी भाजायचा. थोड्या वेळानं दाणा हलका होतो, पांढराशुभ्र दिसू लागतो, उलथन्याखाली त्याचा आवाज कोरडा, खुळखुळता होतो. डाळ वेगळी भाजायची, कारण ती लवकर तांबूस होते. दोन्ही एकत्र टाकले तर तांदूळ कच्चा आणि डाळ करपलेली, असं ठरलेलंच. शेवटी आच बंद करून त्याच गरम कढईत चमचाभर जिरं आणि चिमूटभर ओवा. सगळं पूर्ण गार झाल्यावर दळायचं. गरम दळलं तर वाफ धरतं आणि चार दिवसांत कुबट वास येतो.

दळताना मात्र हात आवरावा लागतो. खिमट म्हणजे पीठ नव्हे, भरड. चिमटीत धरून चोळलं तर बारीक रव्यासारखं कणीकणीनं लागलं पाहिजे. जात्यावर हे आपोआप साधायचं, दोन पाळ्यांमधलं अंतर वाढवलं की झालं. मिक्सरला थांबायचं कळत नाही, ते दळणाऱ्याला कळावं लागतं.

तांदूळ आणि डाळ यांची ही जोडी कुणी जमवली, त्याची नोंद कुठे नाही. पण ज्यानं जमवली त्या माणसाची, बहुधा बाईचीच, नजर फार पक्की होती. तांदळाच्या प्रथिनात लायसीन नावाचा घटक कमी पडतो आणि डाळीत तो भरपूर असतो. डाळीत मिथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो. एकट्या तांदळाची पेज पोट भरते, पण अंग धरायला लागणारं प्रथिन तिच्यात अपुरं. खिमटात ती उणीव घरातल्याच दोन डब्यांनी भागवली.

शेगडीवर खिमट शांत असतं, पण दुर्लक्ष खपवून घेत नाही. पोह्याचे दोन चमचे खिमट आधी गार पाण्यात कालवायचं, मग आचेवर ठेवायचं. थेट उकळत्या पाण्यात टाकलं की त्याच्या गुठळ्या होतात, आणि बाहेरून शिजलेल्या, आतून कोरड्या गुठळ्या बाळाला देण्याजोग्या नसतात. पाणी सत्तरेक अंशांपर्यंत तापलं की तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगायला लागतो. एवढा वेळ तळाशी बसलेलं खिमट आता वर येतं, पाण्याचा पातळपणा जातो, आणि बघता बघता रटरटायला लागतं. त्याचे बुडबुडे फुटले की शिंतोडे हातावर उडतात, म्हणून लांब दांड्याचा चमचा हवा. आठ-दहा मिनिटं ढवळत राहायचं. खाली उतरवताना थोडं सैलच ठेवायचं, कारण गार होता होता ते आणखी आळतं. वरून साजूक तूप.

खिमटाचा सगळ्यात मोठा गुण त्याच्या रवाळपणात आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि आजकाल नेमका तोच गुण हिरावला जातो. बाळाला दात नाहीत, मग सगळं मऊशार, गुळगुळीत करून द्यावं, असा समज पक्का बसलाय. खिमट गाळणीतून काढायचं, भाजी मिक्सरमधून लोण्यासारखी फिरवायची, आणि हे महिनोन्‌महिने चालू ठेवायचं. पहिले दोन-तीन आठवडे तसं केलं तर काही बिघडत नाही. पण बाळ जबड्याची हालचाल शिकतं ते कणी तोंडात आल्यावर. हिरड्या टणक असतात, जीभ घास एका गालाकडून दुसऱ्या गालाकडे न्यायला शिकत असते, आणि हे शिकण्याचे महिने मोजके असतात. ब्रिटनमधल्या एव्हन भागातल्या हजारो मुलांचा जन्मापासून अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. त्यात असं दिसलं, की ज्यांना दहा महिने उलटेपर्यंत कणीदार, गुठळीदार अन्न दिलंच नव्हतं, त्यांना पुढे भरवणं जास्त अवघड गेलं. नऊ महिन्यांनंतर ज्यांची सुरुवात झाली, ती मुलं सातव्या वर्षीही भाज्या-फळं कमी खात होती. खिमटाची भरड कणीची ही ओळख खाण्याच्या पहिल्या महिन्यापासून करून देते. सहाव्याला बारीक, आठव्याला जाडसर, दहाव्याला बोटांनी कुस्करलेला भात. त्याच डब्यातलं धान्य, फक्त दळण जरा जाड.

पहिला चमचा बघण्यासारखा असतो. आमच्या शेजारच्या घरात मी तो बघितला. बाळ आजीच्या मांडीवर टेकून बसलेलं, आईच्या हातात वाटी. चमच्याच्या टोकावर नखाएवढं खिमट. तोंडात गेलं आणि लगेच जिभेनं बाहेर ढकललं गेलं, हनुवटीवरून लाळेऱ्यावर. पुन्हा दिलं, पुन्हा बाहेर.

"अगं, थुंकतोय बघ. नाही आवडलं त्याला. जरा गूळ घाल की."

"थुंकत नाहीये आई, जीभ बाहेर येतेय नुसती. गिळायचं अजून कळलं नाहीये त्याला. आणि गूळ-मीठ वर्षानंतर म्हणाल्यात डॉक्टर."

"बरं, नाही घालत. पण तूप तर घालशील?"

"तूप घालूया की. तेवढं तर हवंच."

सुनेचं बरोबर होतं. तान्ह्या बाळाची जीभ ओठांना लागेल ते बाहेर ढकलते, श्वासनलिकेत काही जाऊ नये म्हणून निसर्गानंच तशी सोय केलेली असते. चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान ही सवय ओसरायला लागते, पण सगळ्यांची एकाच दिवशी नाही. हनुवटीवरचं खिमट बघून आई घाबरते, दुसऱ्या दिवशी वेगळा पदार्थ, तिसऱ्या दिवशी डबाबंद पावडर. नवी चव बाळाच्या अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा ती समोर यावी लागते. खिमट आज नाकारलं तर उद्या पुन्हा, त्याच वाटीत, त्याच वेळी. ही चिकाटी त्याच्याकडे उपजत आहे, माणसांनी दाखवायची एवढंच. नाक दाबून, मान धरून घास घालायचा मात्र नाही. बाळानं तोंड फिरवलं की वाटी बाजूला. पोट भरलं हे त्याला आपल्यापेक्षा आधी कळतं.

खिमटात एक उणी बाजूही आहे, आणि ती सांगायलाच हवी, कारण तिथे मुलं खंगतात. ते कितीही पातळ होऊ शकतं. 'घशात अडकेल', 'पचायला जड जाईल' या भीतीनं त्यात पाणी वाढत जातं आणि अखेर वाटीतलं खिमट प्यायला देता येईल इतकं पातळ होतं. मग ते बाटलीत जातं, बुचाला मोठं भोक पाडून. आता हिशोब बघा. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाव्यतिरिक्त दिवसाला सुमारे २०० कॅलरी अन्नातून लागतात. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी फार तर २०० मिलिलिटर मावतं. अगदी पातळ पेजेत १०० मिलिलिटरमागे ३० कॅलरी धरल्या, तर २०० कॅलरींसाठी साडेसहाशे मिलिलिटर पेज पाजावी लागेल, म्हणजे तीन वेळा पोट फुटेस्तोवर, आणि मग अंगावरच्या दुधाला जागा कुठे उरली? तेच खिमट घट्ट शिजवलं, ८० कॅलरींचं केलं, तर २५० मिलिलिटरमध्ये काम होतं. वरच्या चमचाभर तुपाच्या ४५ कॅलरी वेगळ्याच, त्या मिळाल्या की खिमट आणखी कमी लागतं. म्हणून अंगणवाडीतल्या ताई सांगतात ती खूण लक्षात ठेवावी, चमचा तिरका केला तरी घास खाली ओघळता कामा नये. बाळाचं पोट भरलेलं दिसतं, ते रडत नाही, आणि तरी वजनाचा काटा हलत नाही, याचं कारण पुष्कळदा वाटीतल्या पाण्यात असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशात अवघी ११ टक्क्यांच्या आसपास निघाली. गरिबी हे त्याचं मोठं कारण आहेच. पण चांगल्या खात्यापित्या घरांतली मुलंही उरलेल्या आकड्यात आहेत.

घट्ट केलं तर गिळवत नाही, पातळ केलं तर पोसत नाही. खिमटाच्या या पेचात नाचणी मदतीला येते. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायचे, अगदी हलकं गरम करून दळायचं. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात याचा बारकाईनं अभ्यास केला. तांदळाच्या घट्ट लापशीत मोडाचं थोडंसं पीठ मिसळलं की काही मिनिटांत ती सैल होते आणि तिच्यातलं धान्य मात्र तेवढंच राहतं. पाणी न वाढवता पातळपणा आला. आपल्याकडे मोडाच्या नाचणीचं सत्त्व पिढ्यान्‌पिढ्या होतच होतं, त्यातलं मर्म या अभ्यासानं मोजून दाखवलं. मात्र मोडाचं धान्य खरपूस भाजलं तर ते विकर उष्णतेनं मरतं. आणि सत्त्व करताना दूध काढून चोथा फेकून दिला, तर नाचणीतल्या कॅल्शियमचा बराच वाटा चोथ्याबरोबर जातो, कारण ते टरफलाकडे जास्त असतं. त्यापेक्षा मोडाचं पीठ न गाळता वापरावं.

आणखी एक गोष्ट खिमटाच्या आवाक्याबाहेर आहे, ती म्हणजे लोह. जन्माला येताना बाळानं आईकडून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमाराला संपत येतो, आणि तांदूळ-मूगडाळीतून तो भरून निघत नाही. इथे खिमटाला सोबत लागते. शिजवून वाटलेला पालक किंवा राजगिऱ्याची पानं, त्यावर लिंबाचे दोन थेंब, म्हणजे लोह अंगी लागतं. खाणाऱ्यांच्या घरात नीट उकडलेलं अंडं, काटे काळजीपूर्वक काढलेला मासा. सहा महिन्यांनंतर यासाठी थांबायची गरज नाही. एकट्या खिमटावर नऊ-नऊ महिने काढलेलं बाळ गुटगुटीत दिसलं तरी फिकट असू शकतं. मध मात्र वर्षाच्या आत चाटवू नये, त्यातून क्वचित होणारी विषबाधा तान्ह्याला झेपत नाही.

वेळेबद्दलही बोलायला हवं. आपल्याकडे उष्टावण मुलाचं सहाव्या-आठव्या अशा सम महिन्यात आणि मुलीचं पाचव्या-सातव्या अशा विषम महिन्यात करायची रीत आहे. मामा सोन्याच्या अंगठीनं नाहीतर चांदीच्या चमच्यानं खीर चाटवतो, फोटो निघतात, घर आनंदात असतं. हा सोहळा जरूर करावा. पण पाचवा महिना लवकर आहे, आणि मुहूर्त चुकला म्हणून आठव्यापर्यंत थांबणं फार उशिराचं. मुलाचं आणि मुलीचं पोट एकाच वेळी तयार होतं, सहा महिने पूर्ण झाल्यावर. उष्टावणाची तारीख पुढे-मागे होऊ दे, खिमटाची वाटी सहा महिने पूर्ण होतील त्या दिवशी सुरू व्हावी. आधी दोन-तीन चमचे दिवसातून दोनदा, मग अर्धी वाटी तीनदा. आणि दूध चालूच. खिमट दुधाची जागा घेण्यासाठी येत नाही.

आता हे खिमट पुण्याहून, नाशकाहून दूरदूर जातं. लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेल्या आईच्या बॅगेत हवाबंद पिशव्यांत ते असतं, सोबत सुंठ आणि डिंकाचे लाडू. तिकडचे डॉक्टर बाळाला एकट्या तांदळावर ठेवू नका, धान्यं बदलत राहा, असं सांगतात. ते इथेही पाळण्यासारखं आहे. एका डब्यात तांदूळ-मूग, दुसऱ्यात ज्वारी-मसूर, तिसऱ्यात नाचणी. भाजायची आणि दळायची रीत तीच.

वर्षाचा वाढदिवस येईपर्यंत बाळ घरच्यांच्या पानातला वरणभात ओढायला लागतं, पोळीचा तुकडा चोखत बसतं, आणि खिमटाची वाटी दुपारपुरती उरते. पुढे तीही बंद होते. डब्याच्या तळाशी वाटी-दीड वाटी खिमट शिल्लक असतं. ते थालीपिठाच्या भाजणीत मिसळावं, कांदा, कोथिंबीर आणि तिखट घालून थापावं. तांदळाच्या भरडीनं थालीपीठ छान खुसखुशीत होतं, आणि त्यातला एक बिनतिखटाचा तुकडा बाळही आवडीनं खातं.