स्टॅम्प पेपरवरचा समझोता

आमच्या बेलवलीत नवऱ्याने बायकोला मारले की आधी बैठक बसते. चार जाणती माणसे, चहा आणि स्टॅम्प पेपर. ‘यापुढे हात उचलणार नाही’ असे नवरा लिहून देतो, साक्षीदार सह्या करतात, आणि बाई त्याच रात्री त्याच खोलीत परत जाते. आम्ही पडलो कारकून, कागदाची किंमत आम्हाला कळते. पुढे पुरावा म्हणून तो उपयोगी पडेल, पण नवऱ्याने तो मोडला तर शिक्षा कोणती? काहीच नाही.

कोर्टाच्या कागदाचे तसे नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ सालचा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याखाली दंडाधिकाऱ्याने दिलेला संरक्षण आदेश मोडणे हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

हिंदू कोड बिल रखडले, हे बाबासाहेबांनी १९५१ साली कायदामंत्रिपद सोडण्याचे एक मोठे कारण होते. त्यांच्याच फोटोखाली बसून ‘घरातली गोष्ट घरात ठेवा’ म्हणणाऱ्यांचे आम्हाला नवल वाटते.

मध्यंतरी ओळखीतली एक भगिनी मूल कडेवर घेऊन माहेरी आली. तिने आधी माराचे काही विचारलेच नाही. म्हणाली, “दादा, खोली सासऱ्याच्या नावावर आहे. केस केली तर मला बाहेर काढतील ना?” याच भीतीने किती बायका गप्प राहतात! हा कायदा मालकी विचारत नाही, बाई त्या घरात नांदली का ते बघतो. सासऱ्याच्या मालकीचे घरही सामाईक घर ठरू शकते, असे सुप्रीम कोर्टाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी सांगितले. कायद्याची रीत सोडून तिला हुसकता येत नाही. अर्जही माहेरच्या हद्दीतल्या कोर्टात करता येतो. हे ऐकल्यावर ती दोन घास जेवली.

वडील मात्र म्हणत होते, “पोरीचे घर मोडेल.” काका, हा अर्ज जावयाला तुरुंगात धाडायचा नाही, मार थांबावा, खर्ची मिळावी, छप्पर राहावे यासाठी आहे.

ठाण्यात एन.सी. नोंदवून घरी पाठवले तरी ती पावती टाकू नका. दवाखान्याचे केसपेपर, लग्नाचा फोटो, मुलाचा दाखला, सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढा. अर्ज द्याल तिथे शिक्का मारून पोच घ्या. वकिलाच्या फीसाठी अडू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या चिमुरड्यांवरील अत्याचाराविरुद्ध बदलापूरकर रुळांवर उतरले, ते योग्यच झाले. पण शेजारच्या खोलीतून किंकाळी आली की आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येते, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर त्याची जबाबदारी येत नाही.

त्या भगिनीचा अर्ज दाखल झाला आहे. साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो, तारखा मात्र लांबतात. म्हणून तिने अंतरिम आदेशही सोबतच मागितला. पुढच्या तारखेला वडील कामावर खाडा करून तिच्याबरोबर येणार आहेत.