एका बाजूचा ‘जॉर्ज’

लंडन ब्रिज स्टेशनातून बाहेर पडून बरो हाय स्ट्रीटने दक्षिणेकडे निघालात, की डाव्या हाताच्या बोळांवर लक्ष ठेवा. त्यातल्या एकात शिरलं की समोर एकावर एक दोन लाकडी सज्जे! हीच ‘जॉर्ज इन’. घोडागाड्यांच्या काळातली, सज्जे असलेली लंडनमधली ही शेवटची सराई. 1676 च्या आगीत जुनी इमारत जळाली, तर 1677 मध्ये पुन्हा उभी केली, तीही बरीचशी लाकडातच. कमाल आहे ना?

मला वाटलं होतं सज्जे शोभेचे असतील. छे! ते खोल्यांकडे जायचे उघडे कॉरिडॉर. खाली चौकात गाड्या, घोडे, सामान, वर पाहुणे. पण चौक म्हणावा, तर आज एकच बाजू शिल्लक. रेल्वेनं आधी घोडागाड्यांचा धंदा बसवला आणि मग 1889 मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेनं गोदामांसाठी सराईच्या दोन बाजूच पाडल्या. म्हणजे गिऱ्हाईकही नेलं आणि घरही! उरलेली बाजू 1937 पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे.

मुक्काम आता होत नाही, हा फक्त पब आहे. बिअर घेऊन बाहेर चौकातच बसा. सज्जे तिथूनच नीट दिसतात.