झाकलेली नावे

संशोधकाने आपल्या निष्कर्षांबरोबर त्यांमागील मूळ माहितीही इतरांस तपासू द्यावी, ह्या विचाराशी आमचे भांडण नाही. नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक डीडरिक स्टापेल ह्यांनी कित्येक प्रयोगांचे आकडे स्वतःच रचल्याचे २०११ साली उघडकीस आले. ते आकडे आधीच इतरांच्या हाती असते, तर हे कपट इतकी वर्षे टिकणे कठीण होते. मात्र खडकाचा नमुना जगापुढे ठेवल्याने खडकाची अब्रू जात नाही; माणसाचे तसे नाही.

२००८ साली अमेरिकेतील काही समाजशास्त्रज्ञांनी एका महाविद्यालयातील सुमारे १,७०० विद्यार्थ्यांची फेसबुकवरील माहिती अन्य अभ्यासकांसाठी खुली केली. नावे गाळली होती, महाविद्यालयही अनामिक ठेवले होते. तथापि वर्गाची संख्या आणि अभ्यासविषयांची नावे पाहून मायकेल झिमर ह्यांनी लवकरच ताडले, की हे तर हार्वर्ड! मग एखाद्या देशातून आलेला एकुलता एक विद्यार्थी कोण, हे शोधणे कितीसे अवघड? त्या मुलांची संमती मात्र कोणी घेतलीच नव्हती.

आमच्या धर्मग्रामात हे कळावयास संगणकही नको. ‘शिक्षिका, विधवा, एकुलता मुलगा कुवेतला’ एवढे म्हटले की पुरे. घर कोणते ते लहान मूलही दाखवील.

मध्यंतरी एक तरुण संशोधिका स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवह्यांसाठी आमच्याकडे आली. प्रत्येक पानाचे छायाचित्र खुल्या संग्रहात ठेवण्याची तिची इच्छा होती. मुलगी हुशार, हेतूही निर्मळ. पण त्या वह्यांत कोठे कोठे पित्याचा रकाना कोरा आहे.

“फादर, ती माणसे केव्हाच वारली,” ती म्हणाली.

“त्यांची नातवंडे दर रविवारी समोर बसतात,” आम्ही म्हणालो.

वर्षवार संख्या आम्ही तिला आनंदाने उतरवून दिल्या. पाने दिली नाहीत. ब्रिटनच्या ‘यूके डेटा सर्व्हिस’मध्ये अतिनाजूक माहिती केवळ प्रशिक्षित अभ्यासकांनाच, तीही सुरक्षित यंत्रणेतच हाताळू देतात आणि त्यांनी काढलेले निष्कर्षही बाहेर जाण्यापूर्वी तपासले जातात, हे आम्हांस तिच्याकडूनच समजले. तशी काही सोय आपल्याकडे होऊ शकेल का, ह्याची चौकशी करून ती पुन्हा येणार आहे. तोवर कपाटाची किल्ली आमच्याच खणात आहे.