दोन वेढे आणि एक पेला

परदेशी जाऊन आलेल्या मराठी माणसाला लोक तीन प्रश्न विचारतात. खर्च किती आला, खाण्याचे हाल झाले का, आणि तिकडे आपलं कुणी भेटलं का. आम्ही उभयता हंगेरीला जाऊन आलो तेव्हा मात्र आमच्या चिंचवडच्या सोसायटीत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला : "हंगेरीला? ते का?"

लंडनला गेलेल्या माणसाला "ते का?" असं कुणी विचारत नाही. हंगेरीला जायचं तर माणूस निदान बुद्धिबळपटू तरी हवा. 2024 च्या सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदकं पटकावली. त्यात नाशिकचा विदित गुजराथी होता, नागपूरची दिव्या देशमुख होती. त्यांना कुणी विचारलं नसेल. पण माझ्यासारखा टूलरूममधून रिटायर झालेला माणूस, ज्याचा घोडा अजूनही अडीच घरं मोजून टाकावा लागतो, तो हंगेरीला कशाला जाईल?

कारण सरळ होतं. आमचे चिरंजीव. चाकणच्या ज्या कारखान्यात ते होते, त्याने त्यांना दोन वर्षांसाठी तिकडच्या शाखेत धाडलं. मोटारींच्या धंद्याला आता देश राहिलेला नाही. मर्सिडीज 2009 पासून चाकणला तयार होते आणि 2012 पासून हंगेरीतल्या केचकेमेत गावी. आमच्या चिरंजिवांच्या हिशेबी जग म्हणजे चाकण एमआयडीसीचे निरनिराळे फेज. हंगेरी हा त्यातला जरा लांबचा फेज, इतकंच.

"बाबा, रविवारी एगरला जाऊ," तो म्हणाला. "बुडापेस्टपासून एकशेतीस किलोमीटर. आगगाडीने दोन तास. तिथे किल्ला आहे, गरम पाण्याची कुंडं आहेत आणि वाइन आहे."

किल्ला माझ्यासाठी, गरम पाणी आईच्या गुडघ्यांसाठी. वाइन कुणासाठी ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मध्यमवर्गीय घरातली शांतता अशीच टिकते.

एगर हे गाव एका दिवसात पायी पाहून होईल एवढंच आहे. आपल्याकडे एवढ्या गावाला एक एसटी स्टँड, एक मारुती आणि एक नगरसेवकाचा फ्लेक्स पुरतो. तिथे चौकात पुतळा आहे दोबो इश्तवान यांचा. त्यातलं दोबो हे आडनाव. हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात. मला एकदम कारखान्याचं मस्टर आठवलं आणि घरच्यासारखं वाटलं. युरोपात असूनही ज्यांचं आडनाव आधी येतं ती माणसं आपल्यातलीच असणार, असं मी सौ.ला म्हणालो. ती म्हणाली, "मग त्यांना विचारा चहा कुठे मिळतो."

तर हे दोबो म्हणजे एगरचे किल्लेदार. 1552 साली तुर्की सुलतानाची फौज किल्ल्यावर चालून आली. इतिहासकार तिचा आकडा पस्तीस-चाळीस हजार देतात. आत बायकामुलं धरून माणसं सुमारे दोन हजार. एकोणचाळीस दिवस वेढा चालला. बायकांनी तटावरून उकळती डांबरं आणि गरम तेलं ओतली. बोर्नेमिसा नावाच्या एका डोकेबाज गृहस्थाने पाणचक्कीचं चाक दारू ठासून पेटवलं आणि शत्रूच्या अंगावर गडगडत सोडलं. ऑक्टोबरात थंडी पडली तेव्हा तुर्क कंटाळून निघून गेले.

मी तटावर उभा राहून हे ऐकलं आणि म्हणालो, "अरे, हा तर आपला चाकणचा किल्ला!"

चिरंजीव म्हणाले, "चाकणला किल्ला आहे?"

सहा वर्षं हा मुलगा कंपनीच्या बसने रोज चाकणला गेला आणि आला. मी त्याला दोष देत नाही. सकाळी बसमध्ये सगळे झोपलेले असतात आणि संध्याकाळी सगळे मोबाइलमध्ये असतात. शिवाय किल्ला म्हटला की आपली मान आपोआप वर जाते. डोंगर दिसला नाही तर किल्ला नाही, अशी आपली समजूत. संग्रामदुर्ग पडला भुईकोट. गावाच्या मध्ये, घरांच्या गर्दीत, चार पडके बुरूज आणि खंदकाची खूण सांभाळून गपचूप बसलेला.

पण 1660 च्या जूनमध्ये याच भुईकोटाला शाइस्तेखानाने वेढा घातला. त्याच्याकडे हजारोंची फौज आणि तोफा. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि तीन-साडेतीनशे माणसं. महाराज तेव्हा पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकलेले, म्हणजे मदत येण्याची आशा नाही. वर पावसाळा. खानाला वाटलं असेल, हा किल्ला म्हणजे दुपारच्या जेवणाआधीचं काम. तो छप्पन्न दिवस चालला. शेवटी मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडवला, तरी भगदाडात उभं राहून आतली माणसं लढत राहिली. मोगलांच्याच हिशेबात त्यांचे 268 लोक पडले आणि 600 जखमी झाले. म्हणजे आत जितकी माणसं होती, जवळजवळ तितकीच बाहेरची मेली. किल्ला हातात आल्यावर खानाने फिरंगोजींना बादशाही चाकरी देऊ केली. त्यांनी ती नाकारली. आजच्या भाषेत सांगायचं तर मोठ्या कंपनीचं पॅकेज नाकारून माणूस जुन्या कंपनीत परत आला. महाराजांनीही त्यांना बोल लावला नाही, पुढे भूपाळगड सांभाळायला दिला.

"छप्पन्न दिवस?" चिरंजीव म्हणाले. "यांचे तर एकोणचाळीसच."

मुलगा इंजिनिअर आहे. आकडा दिला की गोष्ट कळते.

खरं सांगायचं तर चाकणचा वेढा तेव्हा सुटला आणि अलीकडे पुन्हा बसला. आता बाहेर कंटेनर, ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि दुचाक्या आहेत. तळेगाव चौकात संध्याकाळी सहा वाजता अडकलेल्या माणसाला फिरंगोजींची मनःस्थिती समजावून सांगावी लागत नाही. गंमत बघा, चाकणच्या चक्रेश्वराची कथाच अशी सांगतात की दशरथाच्या रथाचं चाक इथे निखळलं. म्हणजे या गावात गाडी बंद पडण्याची परंपरा थेट रामायणापर्यंत जाते.

किल्ल्यानंतर गरम पाणी. एगर 1596 साली अखेर तुर्कांनी घेतलंच आणि एक्क्याण्णव वर्षं ठेवलं. ते गेले तेव्हा दोन वस्तू मागे राहिल्या. एक चाळीस मीटर उंचीचा मिनार आणि दुसरं हमामखाना. मिनार पाडायला म्हणे चारशे बैल जुंपले होते, तो हलला नाही. त्याच्या सत्त्याण्णव पायऱ्या मी चढून आलो. सौ. खाली बाकावर पर्सा सांभाळत बसली आणि उतरल्यावर म्हणाली, "वरून काय दिसलं?" मी म्हणालो, "तू."

हमामखाना 1610 ते 1617 या काळात बांधलेला आणि अजून चालू आहे. आता आमच्याकडे गरम पाणी म्हणजे वज्रेश्वरी. माझी आई तिथे नऊवारीत, हर हर गंगे म्हणत, आख्ख्या लुगड्यानिशी उतरायची. इथे पोहण्याच्या पोशाखाची सक्ती. सौ.ने चिंचवडहून येतानाच त्याची तजवीज केली होती. लोणावळ्याच्या वॉटर पार्कसाठी घेतलेला, मानेपासून घोट्यापर्यंतचा निळा पोशाख. दारावरच्या बाईंनी कापड दोन बोटांत धरून पाहिलं, मान हलवली आणि सोडलं. कस्टममध्ये आमच्या लोणच्याची याहून जास्त चौकशी झाली होती.

आत घुमट, घुमटाखाली वाफाळतं पाणी, आणि पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेले गावातले म्हातारे-म्हाताऱ्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सौ. उतरली आणि पाच मिनिटांत एका आजीबाईंशी तिचा संवाद सुरू झाला. तिने स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" असा चेहरा केला. आजीबाईंनी कमरेवर हात ठेवून तसाच चेहरा केला. मग दोघींनी जिना चढण्याची नक्कल केली. संधिवाताला भाषा लागत नाही. निघताना आजीबाईंनी तिचा गाल थोपटला. ज्या तुर्कांना उकळत्या डांबराने पळवलं, त्यांच्याच हमामात नातवंडांच्या नातवंडांनी सांधे शेकावेत, ही इतिहासाची गंमत मला फार आवडली. शत्रूचं सगळंच फेकून द्यायचं नसतं. गरम पाणी ठेवून घ्यावं.

राहता राहिली वाइन. गावाबाहेर एक खोरं आहे, त्याचं नावच 'सुंदर स्त्रीचं खोरं'. सौ. म्हणाली, "आता लगेच निघाल, पाय दुखत नाहीत वाटतं!" तिथे मऊ दगडात कोरलेली तळघरं ओळीने आहेत. आपल्या कार्ल्या-भाज्यासारखीच लेणी, फक्त भिक्षूंच्या जागी पिंपं. एका तळघराचे मालक, पांढऱ्या मिशांचे, साठीचे. त्यांनी तीन पेले मांडले. सौ.ने चिरंजिवांकडे पाहिलं. चिरंजीव म्हणाले, "आई, द्राक्षासव समज." आमच्या घरात द्राक्षासव तीन पिढ्या चालत आलंय, भूक लागावी म्हणून. तिने जिभेला लावलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि "यापेक्षा आपलं बरं" असा निकाल दिला.

या लाल वाइनचं नाव 'बिकावेर', म्हणजे बैलाचं रक्त. मालकांनी गोष्ट सांगितली. वेढ्यात दोबोंनी शिपायांना धीर यावा म्हणून लाल वाइन पाजली. ती दाढीमिशांवरून ओघळली. तुर्कांना वाटलं, हे लोक बैलाचं रक्त पितात, आणि त्यांचे पाय लटपटले. गोष्ट संपवून मालक स्वतःच हसले. जाणकार म्हणतात की तेव्हा एगरला पांढरीच वाइन होई, लाल द्राक्षं मागाहून सर्ब लोकांनी आणली, आणि हे नाव कागदावर येतं ते थेट 19 व्या शतकात. पण गोष्ट खोटी म्हणून कुणी पेला खाली ठेवत नाही. 1901 साली गार्दोन्यी गेझा यांची या वेढ्यावरची कादंबरी पुस्तकरूपाने आली, ती तिथलं प्रत्येक पोर वाचतं. लेखकाचं थडगं किल्ल्यातच आहे.

मी चिरंजिवांना म्हणालो, "यांना आता आपली सांग."

त्याने सांगितली. निम्मी इंग्रजीत, पाव हंगेरियनमध्ये आणि पाव हातवाऱ्यांनी. टेबलावर बुचं मांडून त्याने संग्रामदुर्ग केला. शाइस्तेखान म्हणून पिंप दाखवलं. सुरुंगाच्या वेळी एक बूच असं उडवलं की ते सौ.च्या ओटीत पडलं. तासाभरापूर्वी ज्याला किल्ला ठाऊक नव्हता, तो आता छप्पन्न दिवस स्वतः आत असल्यासारखा बोलत होता. माझा घसा जरा दाटला. मी तो वाइनवर ढकलला.

"मग शेवटी किल्ला पडला?" मालकांनी विचारलं.

"पडला," चिरंजीव म्हणाले, जरा पडलेल्या आवाजात.

"आमचाही पडला, चव्वेचाळीस वर्षांनी. ते आम्ही बाटलीवर छापत नाही." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या कप्तानाच्या नावाने तुम्ही काय पिता?"

चिरंजिवांनी माझ्याकडे पाहिलं. चहा, असं सांगणं बरं दिसलं नसतं. मी म्हणालो, "त्यांना सांग, आम्ही पीत नाही, बांधतो. आमच्याकडे दरवर्षी दिवाळीत पोरं दारासमोर मातीचे किल्ले बांधतात." मालकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. देशभर? नाही, महाराष्ट्रात. दरवर्षी? दरवर्षी. सगळी मुलं? माती मिळेल ती सगळी. ते उठले, पेले पुन्हा भरले आणि 'फिरंगोजी' हे नाव दोन प्रयत्नांत बरोबर उच्चारून पिऊन टाकलं. या पेल्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. एका रुपयाला चार फोरिंट मिळत असल्यामुळे मी तिथे श्रीमंतासारखा वावरत होतो, पण हा पेला मला परवडण्यापलीकडचा होता.

परत आल्यावर दिवाळीत आमच्या सोसायटीच्या पोरांनी नेहमीप्रमाणे मातीचे ढीग आणले. राजगड की प्रतापगड, यावर भांडण चाललं होतं. मी संग्रामदुर्ग सुचवला. "त्याला डोंगरच नाही, आजोबा," एक जण नाराजीने म्हणाला. मी म्हटलं, म्हणूनच अवघड. मग गोष्ट सांगितली. पोरांनी बुरूज केले, खंदकात पाणी सोडलं, मावळे उभे केले. मोगल कमी पडले तेव्हा कुणीतरी घरातून खेळण्यातल्या मोटारी, ट्रक आणि एक जेसीबी आणून तटाभोवती दाटीवाटीने लावले.

वॉचमन चाकणहून येतो. तो रात्री ड्यूटीवर आला, किल्ल्यापाशी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "तळेगाव चौक अगदी बरोब्बर केलाय."