मांडीवरची अमानत

आम्ही मारेगावचे. नोकरी जवळच्या एका गावातील उर्दू शाळेत. त्या गावाचं नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेलच. सकाळी एस.टी.ने जायचं, संध्याकाळी एस.टी.ने परत यायचं. बी.एड. झालो तेव्हा वाटलं होतं, आता फक्त शिकवायचं. प्रत्यक्षात शिकवण्याइतकाच वेळ माहिती भरण्यात जातो. यू-डायस प्लस, शिष्यवृत्ती, आधारची पडताळणी. आणि प्रत्येक कामाची शेवटची तारीख उद्याच असते.

म्हणून हप्त्यावर लॅपटॉप घेतला. दुकानदाराने स्क्रीन इकडून तिकडून फिरवून दाखवली. म्हणाला, "मॅडम, कुठूनही बघा, सारखंच स्वच्छ दिसतं." आमच्या जुन्या लॅपटॉपची स्क्रीन बाजूने पाहिली की काळपट दिसायची, त्याचा वैताग यायचा. नव्याचं कौतुक वाटलं. 'कुठूनही' या शब्दाचा अर्थ तेव्हा ध्यानात आला नाही.

एका संध्याकाळी परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. लॅपटॉप मांडीवर घेऊन वर्गाची यादी उघडली. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक खातं, उत्पन्न आणि शेवटी एक रकाना, विशेष गरजांचा. अक्षरं नीट दिसावीत म्हणून मोठी केली होती. एका मुलीच्या नावापुढे आम्ही लिहिलं : श्रवणदोष. मागच्या आसनावर कोण आहे, हे वळून पाहिलं नाही. पाहायचं कशाला? गाडीत सगळे ओळखीचेच. आणि धोका खरं तर तिथेच होता. अनोळखी माणसाने ती ओळ वाचली असती तर विसरला असता.

चार दिवसांनी त्या मुलीची आई शाळेत आली. वैद्यकीय कागद द्यायला ती आधी तयार नव्हती. घरात थोरल्या मुलीच्या निकाहाची बोलणी चालू होती, आणि घराण्यात दोष आहे असं कुणी म्हणू नये ही तिची काळजी. आम्हीच तिला समजावलं होतं की नोंद झाली तर मुलीला मदत मिळू शकेल, बाहेर कुणाला कळणार नाही. आता रेशनच्या रांगेत एका बाईने तिला विचारलं होतं, "तुमच्या पोरीला ऐकू येत नाही म्हणे?" ती आमच्यावर रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाजी, हमने तो सिर्फ आपको बताया था." चहाला थांबली नाही.

थोरलीच्या बोलण्यांचं पुढे काय झालं ते इथे लिहिणार नाही. आणि इथे लिहिलेला दोषही बदललेला आहे, खरा वेगळा होता. तेवढं तरी आम्ही शिकलो.

आमच्या दादीकडे लोखंडी पेटी होती. मोहल्ल्यातल्या बायका गावाला जाताना आपले दागिने तिच्याकडे ठेवून जात. पेटी उघडायची तर दादी आधी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढी, आम्हा नातवंडांनाही. आम्ही रुसायचो. ती म्हणायची, "मेरा होता तो दिखाती. अमानत है." आम्ही मात्र पस्तीस मुलांची पेटी भर गाडीत उघडून बसलो होतो.

गंमत अशी, की प्रश्नपत्रिकेच्या बाबतीत आम्ही शिक्षक किती दक्ष असतो! ती काढताना स्वतःच्या मुलांनाही जवळ फिरकू देत नाही. पाकिटं सीलबंद. तीन तासांनी त्या प्रश्नपत्रिकेला रद्दीचा भाव येतो. मुलाचा आधार क्रमांक आणि त्याचा आजार जन्मभर त्याच्यासोबत राहतो, त्याला मात्र सील नाही.

हे लहान गावातच घडतं असं नाही. मार्च २०१७ मध्ये क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनीच्या आधार अर्जातला तपशील ट्विटरवर झळकला होता, तोही आधारचं काम करणाऱ्यांच्याच उत्साहातून. धोनीच्या पत्नीने जाहीर तक्रार केली आणि संबंधित केंद्रावर दहा वर्षांची बंदी आली. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळं कलम आहे. पण आमच्या मागच्या आसनावर न्यायालय येऊन बसणार नाही. तिथे आपणच दक्ष राहायला हवं.

आता आम्ही काही गोष्टी पाळतो. स्क्रीनवर लावायची एक पारदर्शक फिल्म मिळते, प्रायव्हसी फिल्टर म्हणतात. तिच्यात चिकाच्या पडद्यासारख्या अतिशय बारीक उभ्या पट्ट्या असतात. समोरून सगळं दिसतं, बाजूने पाहणाऱ्याला काळोख. घेताना स्क्रीन एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत मोजायची. मात्र ती शेजाऱ्यापासून वाचवते, पाठीमागे उभ्या असलेल्यापासून नाही. म्हणून स्टँडवर बसायचं तर पाठ भिंतीला लावून. अक्षरं लहान, उजेड कमी. नको ते रकाने आधीच लपवून ठेवलेले. जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि एल एकदम दाबायचं, म्हणजे पासवर्ड दिल्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही. आणि मुलांची यादी प्रवासात उघडायचीच नाही. गाडीत उद्याच्या धड्याचं टाचण काढतो. ते कुणी वाचलं तर त्याचंच भलं होईल!

सहकारी हसतात. म्हणतात, शाळेची माहिती काय, अणुबॉम्बचा फॉर्म्युला आहे का? असू द्या. सगळ्या मुलांच्या पालकांनी आम्हाला जे सांगितलं, ते गाडीला सांगितलेलं नव्हतं.

यंदा शाळा उघडली तेव्हा ती बाई पुन्हा आली. ओढणीआड घडी घातलेला नवा कागद होता. देण्याआधी तिने विचारलं, "बाजी, बस में तो नहीं खोलोगे ना?" तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं. आम्ही काही बोललो नाही. उठलो, वर्गाचं दार लोटलं, आणि मग हात पुढे केला.