न पोहोचलेले पत्र

१९०१ सालच्या उन्हाळ्यात साताऱ्याहून काही मुले आपल्या वडिलांच्या भेटीस निघाली. वडील लष्करातून निवृत्त होऊन खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपालाचे काम करीत होते. सुट्टीत इकडे या, असे त्यांनी घरी लिहिले होते. आपण कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीने येत आहोत हे मुलांनीही उलट पत्राने कळविले होते. ती मसूर स्थानकावर उतरली तेव्हा त्यांना न्यायला कोणी आलेले नव्हते. जात कळताच गाडीवाले मागे सरले. दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर अखेर एकजण तयार झाला. जवळ फराळाचे होते, पण वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी घर गाठल्यावर सगळा उलगडा झाला. पत्र गोरेगावी आले होते. मात्र ज्या नोकराच्या हाती ते पडले, त्याने ते धन्यापर्यंत पोहोचविलेच नव्हते.

त्या मुलांपैकी एक म्हणजे भीमराव आंबेडकर. हा प्रसंग त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आठवणींत लिहून ठेवला. १९९० मध्ये या आठवणी पुस्तिकेच्या रूपाने आणि १९९३ मध्ये त्यांच्या समग्र लेखनाच्या बाराव्या खंडात प्रसिद्ध झाल्या. अस्पृश्यतेच्या अनुभवाचे साधन म्हणून हा प्रसंग वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु पत्रवाङ्मयाच्या अभ्यासकाने तो आणखी एका बाजूने वाचावयास हवा. येथे एका शिपाईघरात पत्र लिहिणे ही नित्याची गोष्ट आहे. वडील लिहितात, मुले उत्तर देतात, दिवस आणि गाडी ठरते. एकोणिसाव्या शतकातील सामान्य सैनिकाला अक्षरओळख नसणार, म्हणून त्याच्या घरी कागद शोधण्यात अर्थ नाही, असे जे सहज गृहीत धरले जाते, त्याला हे घर हरकत घेते.

या घराचा एक धागा ठाणे जिल्ह्यात येतो. भीमरावांच्या मातोश्री भीमाबाई या मुरबाडकर घराण्यातील. हे घराणे मूळचे मुरबाडचे. भीमाबाईंचे वडील आणि त्यांचे सहा चुलते हे सारे सैन्यात सुभेदार-मेजर होते, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. एका घरातील सात पुरुष एतद्देशीय शिपायाला मिळू शकणाऱ्या सर्वोच्च पदावर पोहोचावेत, ही गोष्ट मुरबाडच्या इतिहासात माळशेज आणि नाणेघाटाच्या वर्णनाइतकीच महत्त्वाची आहे. शिवाय कंपनी सरकारच्या काळापासून पलटणीतील शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. रामजी सकपाळ स्वतः लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये मुख्याध्यापक होते. गावच्या शाळेचे दार ज्यांना बंद होते, त्यांच्यासाठी छावणीत फळा होता. म्हणजे पत्र लिहिणारा हात होता आणि ते वाचणारे डोळेही घरात असू शकत होते.

साधनेही याच काळात सुलभ झाली. १८५४ मध्ये देशभर अर्ध्या आण्यात पाव तोळा वजनाचे पत्र जाऊ लागले. १८५६ च्या इराण मोहिमेपासून हिंदी फौजेबरोबर युद्धभूमीवरील टपालकचेरी जाऊ लागली. १८७९ मध्ये पाव आण्याचे कार्ड निघाले आणि १८८० पासून टपालखाते मनिऑर्डरी पोहोचवू लागले. त्याच १८८० च्या जुलैत अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत मुंबई लष्कराच्या पलटणी कापल्या गेल्या. लोहमार्ग १८६१ मध्येच शहापूर तालुका ओलांडून कसाऱ्यापर्यंत आला होता. मुरबाड मात्र बाजूला राहिले. तेथे जाणाऱ्या कागदाची पुढची वाट पायांची होती.

असे असता सार्वजनिक दप्तरांतून या शिपायांचा माग काढू गेल्यास प्रथम हाती येते ते काय? सर्वांत आधी दगड. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ उभा आहे. त्यावर कोरलेल्या मृतांपैकी वीसहून अधिक नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. दगडाने नाव राखले, बोलणे राखले नाही. त्यानंतर येतात अर्ज. १८९० नंतरच्या दशकात महारांची लष्करभरती थांबली, तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांच्यासारख्यांनी सरकारदरबारी दाद मागितली. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. हे अर्ज अमोल आहेत. परंतु अर्जाची भाषा वर पाहून लिहिलेली असते. तीत पूर्वजांनी गाजविलेले शौर्य येते, निष्ठा येते, हक्क येतो. बैल विकला की राहिला, पावसाआधी घर शाकारले का, धाकटीचे बोलणे कोठे लागले, हे तीत येत नाही. ते घरी लिहिलेल्या पत्रातच येऊ शकते.

सरकारने सैनिकांची घरची पत्रे कधी जपलीच नाहीत असे नाही. ती संशयापोटी जपली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेलेल्या हिंदी फौजेच्या टपालावर कॅप्टन ई. बी. हॉवेल यांच्या देखरेखीखाली तपासनीस बसले. पत्रे उघडली जात, निवडक उतारे इंग्रजीत भाषांतरित होत आणि साप्ताहिक अहवालाला जोडले जात. हे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांतील निवडक पत्रांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि अभ्यासाला मोठीच चालना मिळाली. तपासनिसाला चकविण्यासाठी गोऱ्या शिपायांना लाल मिरची आणि हिंदी शिपायांना काळी मिरी म्हणण्याची युक्ती याच कागदांतून जगापुढे आली.

मात्र मराठीच्या अभ्यासकाने येथे थबकले पाहिजे. अहवालातील पत्र इंग्रजी आहे. ‘तीर्थरूप’ आणि ‘चिरंजीव’, ‘साष्टांग नमस्कार’ आणि ‘अनेक आशीर्वाद’ यांतून लिहिणाराचे वय, नाते आणि पायरी एका शब्दात कळते. इंग्रजी भाषांतरात ते सारे एकाच आदरवाचक शब्दात विरघळते. ‘येथील क्षेम जाणून स्वकीय लिहीत जाणे’ हा साचा भाषांतरकाराला पाल्हाळ वाटला तर तो गाळलाही जातो. वस्तुतः शिपायाच्या पत्रात हा साचाच कधीकधी सर्वांत अर्थपूर्ण असतो. सभोवती माणसे मरत असताना ‘येथील क्षेम’ लिहिणारा खोटे लिहीत नाही. आपण अजून लिहू शकतो एवढे तो कळवीत असतो. अशा इंग्रजी उताऱ्याचे पुन्हा मराठी करून ‘मराठा शिपायाचे पत्र’ म्हणून छापण्याचा मोह अनेकांना होईल. तो आवरला पाहिजे. तो मजकूर त्या शिपायाचा असेल, पण ती भाषा त्याची नाही. आणि मराठी विभागाला भाषेशी कर्तव्य आहे.

शेजारच्या बंगालीत काय घडले हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात सापडून पुढे तुर्कांच्या कैदेत मरण पावलेले डॉक्टर कॅप्टन कल्याणकुमार मुखोपाध्याय यांनी घरी लिहिलेली पत्रे त्यांच्या वृद्ध आजी मोक्षदादेवी यांनी ‘कल्याण-प्रदीप’ या चरित्रात गुंफून १९२८ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वेढ्यात मराठ्यांच्या पलटणीही होत्या. फरक शौर्याचा नव्हता. एका घरी पत्र जपणारी, ते छापावे असे वाटणारी आणि छापू शकणारी आजी होती. पत्र टिकते ते लिहिणाऱ्यामुळे नव्हे. ते ज्याच्या हाती पडते त्याच्यामुळे टिकते.

म्हणून प्रश्न पुन्हा शहापूर-मुरबाडच्या घरांपाशी येतो. या भागात पावसाचे चार महिने कागदाला वैऱ्यासारखे असतात. कौलांतून झिरपणारी ओल, वाळवी आणि कसर यांच्या तडाख्यातून जे वाचते, ते बहुधा माळ्यावरच्या लोखंडी पेटीत, पेन्शनीच्या पुस्तकाखाली असते. अशी पेटी उघडली गेली तर पहिली काळजी साधीच आहे. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. चिकटपट्टी लावू नये. टिकावे म्हणून कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करून कायमचा गुदमरवू नये. कोरड्या, स्वच्छ सुती कापडात तो ठेवावा. जुन्या दप्तरदारांचा रुमाल ही काही अडाणी सोय नव्हती. कागद कोणत्या क्रमाने, कशाबरोबर बांधलेले होते ते हात लावण्यापूर्वी टिपून घ्यावे. मनिऑर्डरीच्या कुपनावरच्या दोन ओळी, रिकामे पाकीट, त्यावरचा टपालाचा शिक्का, हेही साधनच आहे. छायाचित्र घेऊन मूळ कागद घरी ठेवता येतो. पूर्वी कित्येक संशोधकांनी ‘वाचून परत देतो’ म्हणून नेलेले कागद परत गेले नाहीत, हे घरोघरी लक्षात आहे.

दुसरी काळजी वाचनाची. पत्र मोडीत असेल तर त्यात शब्द तुटक नसतात, विरामचिन्हे नसतात आणि इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. अशा मजकुराचे शुद्धलेखन ‘सुधारणे’ म्हणजे नसलेली चूक दुरुस्त करणे होय. लेखनिकाचा हात कोणता आणि सांगणाऱ्याचा आवाज कोणता, हे वेगळे काढण्याचे काम तर त्याच्या पुढचे आहे. साच्यातली वाक्ये लेखनिकाची असतात. साचा जेथे मोडतो तेथे बहुधा शिपाई स्वतः बोलतो. बोलीतला एखादा शब्द, अर्धवट राहिलेली आठवण, पुन्हा पुन्हा विचारलेला एकच प्रश्न, हे मोडाचे बिंदू. संपादकाने नेमके तेच गुळगुळीत केले तर पत्राचे संपादन होत नाही, फक्त प्रत निघते.

तिसरी काळजी सर्वांत अवघड आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक घरांनी जुनी नावे, जुने अभिवादन आणि त्यांतला लाचार सूर जाणीवपूर्वक मागे टाकला. पणजोबांच्या पत्रातील ‘नाक’ किंवा ‘जोहार’ छापले जाणे त्यांना नकोसे वाटले, तर तो संशोधनविरोध नव्हे. ते शब्द गाळता येत नाहीत, हे खरे; पण ते का ठेवायचे हे घरातल्या माणसांशी बसून बोलल्याखेरीज छापण्याचा अधिकारही मिळत नाही. कागद घराचा आहे, आणि त्यातले दुःखही.

१८९३ पासून ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १९१० पासून पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. सरदारांची आणि कारभाऱ्यांची पत्रे वाचण्याची आपली परंपरा थोर आहे. तिच्यात शिपायाच्या घरची पत्रे येण्यासाठी नव्या सिद्धांताची गरज नाही. मोडी शिकलेला एखादा पदव्युत्तर विद्यार्थी आणि मुरबाडच्या बाजूची एखादी उघडणारी पेटी यांची गाठ पडली पाहिजे, एवढेच.

गोरेगावच्या त्या नोकराने पत्र फाडले नव्हते, लपविलेही नव्हते. ते त्याला मिळाले होते. पुढे देण्याचे तेवढे राहून गेले. त्याची किंमत मुलांनी एका रात्रीच्या तहानेने मोजली. ज्या घरांतील कागद आजही पेटीत आहेत आणि जे विद्यापीठीय विभाग मोडी वाचू शकतात, त्यांच्यामध्ये सध्या तोच नोकर उभा आहे. पत्र आलेले आहे. ते ज्यांच्यासाठी होते त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या हाती, वाचता येईल अशा अक्षरात, ते पोहोचायचे आहे.