तावेर्नातील कोंबडी

सभ्य गृहस्थाने संध्याकाळी कोठे बसावे, याविषयी आपल्या समाजाचे संकेत फार जुने आणि फार कडक आहेत. देवळाच्या कट्ट्यावर बसावे, वाचनालयाच्या बाकावर बसावे, फार तर एखाद्या उपाहारगृहात चहाच्या पेल्यावर तास-दीड तास काढावा. परंतु जेथे फळीवर बाटल्या मांडल्या आहेत आणि उंबऱ्यात कुत्रे झोपले आहे, अशा जागी ओळखीचा मनुष्य बसलेला दिसला, तर पाहणाराच आधी मान वळवितो. आम्ही स्वतः मद्य घेत नाही. ही गोष्ट आरंभीच सांगतो, ती आपल्या चारित्र्याची दवंडी पिटण्यासाठी नव्हे, तर पुढे तिचे काम पडणार आहे म्हणून. तरीही गेली अठरा वर्षे, आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी, बार्देशातील एका दारूच्या दुकानात आम्ही घालवीत आलो आहो, आणि त्याचे कारण एक तळलेली कोंबडी आहे.

दारूचे दुकान हा शब्द महाराष्ट्रातील वाचकांसाठी वापरला. गोव्यात त्यास तावेर्न म्हणतात. नाव पोर्तुगीज खरे, पण जागा अस्सल गावची. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला, पिणाऱ्यास परवाना लागू लागला, आणि त्या परवान्यातून ‘परमिट रूम’ हे आपले मराठी नाव जन्मास आले. त्या नावाबरोबर काळी काच आली, पडदा आला, आणि डोळ्यांस सरावण्यास पाच मिनिटे लागतात असा अंधार आला. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य असल्याने हा कायदा तेथे पोहोचलाच नाही. त्यामुळे तावेर्नाला लपण्याची विद्या अवगत झाली नाही. ते राहत्या घराचीच पुढची खोली असते. दार सताड उघडे, आणि आत कोण बसले आहे हे रस्त्यावरच्या पोरासही दिसते.

आमच्या तावेर्नात चार टेबले आहेत. त्यांपैकी एक लंगडे असून त्याच्या पायाखाली घातलेला पत्ता आम्ही प्रथम गेलो तेव्हाही चौकट राजाच होता. भिंतीवर येशूची तसबीर, तिच्यापुढे तांबडा दिवा. काचेच्या कपाटात उकडलेली अंडी. आणि कोपऱ्यात वेताच्या विणीत बसविलेले काचेचे मोठे कुंभ, ज्यांत फेणी असते. मार्चपासून मेपर्यंत काजूचा हंगाम. त्या दिवसांत बोंडे तुडवून काढलेला रस भट्टीवर चढतो. पहिल्या धारेचा तो उर्राक, तोच पुन्हा गाळला की फेणी. २००९ साली काजूच्या फेणीस भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा पणजीत समारंभ झाला असेल. आमच्या तावेर्नात त्या दिवशी विजेचा दिवा गेला होता, एवढेच स्मरते. या सर्व संसाराच्या मालकीण म्हणजे आंटी. सगळे गाव त्यांस आंटी म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो, जरी वयाने त्या आमच्याहून चारच वर्षांनी वडील आहेत. आम्हांस त्या ‘बाब’ म्हणतात, आणि विचारल्याशिवाय लिंबूसोडा पुढे आणून ठेवतात.

आता कोंबडी. तिचे नाव काफ्रियल. दुपारी जेवणे आटोपली, की आंटी आले, लसूण, हिरव्या मिरच्या, मिरे, लवंगा, दालचिनी आणि कोथिंबिरीची भलीमोठी जुडी माडाच्या सुरेच्या शिरक्यात वाटतात. हे वाटण चिरा पाडलेल्या तुकड्यांस चोळून ते संध्याकाळपर्यंत झाकून ठेवावयाचे. आधी तळून ठेवणे हा प्रकार येथे नाही. तुम्ही मागितली म्हणजे मग लोखंडी तवा चढतो, त्यात थोडकेच तेल. वर झाकण, आच मंद. कोंबडी आपल्याच पाण्यात शिजते, ते पाणी आटते, झाकण निघते, आणि मग वाटण तव्याला धरू लागते. या क्षणी घाई करणारा मनुष्य काफ्रियलच्या लायकीचा नव्हे. हिरवा रंग जाऊन शेवाळासारखा काळसर झाला, कडा करपल्या-न-करपल्याशा झाल्या, की तुकडे ताटलीत येतात. आणि तव्याला चिकटून राहिलेला मसाला बटाट्याच्या फोडींनी पुसून घेतात. त्या फोडी, कांद्याच्या चकत्या, लिंबू आणि पदेराचा पाव. शहरांतील मोठाल्या हॉटेलांत हीच कोंबडी हिरव्या रश्शात पोहत येते. तिला तेथे काफ्रियल म्हणतात म्हणे, म्हणोत बापडे.

नावाची कथा तितकीशी रुचकर नाही. मुसलमान नसलेल्यास अरबांनी लावलेला शब्द पोर्तुगीजांनी उचलला, त्याचा ‘काफ्र’ केला आणि तो आफ्रिकेतील काळ्या माणसास लावला. मोझांबिकाकडून गोव्यात आलेल्या अशा शिपायांची व गुलामांची ही कोंबडी, असे मानतात. दक्षिण आफ्रिकेत तो शब्द आज उच्चारणे हा गुन्हा समजला जातो, आणि आमच्या गावी तो रोज संध्याकाळी आदराने उच्चारला जातो. मिरची अमेरिकेतली, बटाटा तेथलाच, फेणीचा काजू ब्राझीलचा. हे सर्व पोर्तुगीज जहाजांतून आले. ज्या माणसांनी ही कोंबडी आणली त्यांचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. राहिली ती त्यांस दिलेली शिवी.

तवा चढल्यापासून ताटली येईपर्यंत पाऊण तास जातो. वाचकांस वाटेल, आम्ही ही तक्रार करीत आहो. तसे नाही. त्या पाऊण तासात एक निवृत्त पोस्टमन, एक गवंडी, पंचायतीच्या निवडणुकीत दोनदा पडलेला एक उमेदवार आणि ‘तार्वटी’ या नावानेच ओळखले जाणारे एक वृद्ध खलाशी, इतक्यांची गाठ पडते. तार्वट्यांनी तीस वर्षे जगाची बंदरे पाहिली. बायको गेली, मुले झाली नाहीत. आता देवळापलीकडच्या मोठ्या घरात ते एकटे राहतात. त्यांचा एक कोप, म्हणजे फेणीचा लहान पेला, दीड तास पुरतो. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की ते पेला खाली ठेवून क्रूस करतात, मग आमच्याकडे वळून महाराष्ट्रात पाऊस कसा काय, असे विचारतात. जणू काय आम्ही दुपारीच तिकडून आलो आहो. एकदा ते संध्याकाळी आले नाहीत. साडेआठ वाजता आंटींनी पोराला बॅटरी देऊन पिटाळले, तो तार्वटी तापाने फणफणलेले. रात्रीच डॉक्टर आला. या गोष्टीची गावात कोणी वाच्यता केली नाही, इतकी ती साधी होती.

दारूने बुडालेली घरे आम्ही पाहिली नाहीत असे नव्हे. एका बुडालेल्या घराचा कर्ता याच बाकावर बसत असे. त्याची बायको येऊन आंटींपाशी रडली, त्या दिवसापासून आंटींनी त्यास पेला दिला नाही. तो मुकाट्याने उठला आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्या तावेर्नात जाऊन बसू लागला. तावेर्नाची थोरवी गाणाऱ्याने हेही सांगितले पाहिजे.

राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्री नको, असा न्यायालयीन आदेश डिसेंबर २०१६ मध्ये झाला. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना पुढे २२० मीटरांची सवलत मिळाली, आणि १ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. रस्त्यावर दारूपायी माणसे मरतात. हेतू रास्त होता. आंटींचे घर महामार्गापासून हाकेच्या अंतरावर, तेव्हा त्यांच्या फळीवरच्या बाटल्या उतरल्या, कुंभ माजघरात गेले. कोंबडी मात्र चालू राहिली. तिला कोणी मनाई केली नव्हती.

आम्हांस मनातून आनंदच झाला, हे लपवून काय उपयोग? आम्ही मद्य घेत नाही. आमचे येणे कोंबडीसाठी. तेव्हा आता हे स्थान निर्मळ झाले, अशी आमची समजूत. आमच्या कुटुंबास आम्ही इतकी वर्षे डबा नेऊन देत होतो. त्याही एका संध्याकाळी प्रथमच आत येऊन बसल्या. ताटली आली, आम्ही जेवलो, हात धुतले, घड्याळ पाहिले. साडेसात झाले होते. इतर टेबलांवरही तसेच चालले होते. पोस्टमन खाऊन उठले. गवंड्याने कागदात बांधून घेतली. चहा प्यावा तर तो पाच मिनिटांत निवतो. सोड्याची दुसरी बाटली मागविण्यास कारण लागते. पाऊण तास वाट पाहण्याचे सुद्धा जड जाऊ लागले, म्हणून माणसे आधी निरोप पाठवू लागली आणि आंटी आधी तळून ठेवू लागल्या. जूनच्या अखेरीस आम्ही एकटेच त्या खोलीत बसलेले असू.

तेव्हा आमच्या ध्यानात आले, की अठरांपैकी पहिली दहा वर्षे आम्ही दुसऱ्यांच्या पेल्यांवर बसत होतो. त्या पेल्यांनी बसण्यास लांबी दिली होती, आणि त्या लांबीच्या आश्रयाने आमचा लिंबूसोडाही तास दीड तास टिकत होता. हे मान्य करणे आमच्यासारख्या निर्व्यसनी माणसास सुखाचे नाही, आणि यावरून मद्याचा पुरस्कार करण्याची आमची इच्छाही नाही. वाचनालय सात वाजता बंद होते, देवळाचा कट्टा पावसाळ्यात ओला असतो. ज्यास घरी वाट पाहणारे कोणी नाही त्याने साडेसातनंतर कोठे बसावे, याचे उत्तर आमच्या गावाने दारूच्या हवाली करून ठेवले होते. दुसरी सोय का केली नाही, हे विचारण्याचा अधिकार आम्हांस तरी कितपत आहे, कोण जाणे.

तार्वटी काही दिवस आले. रिकाम्या टेबलाशी बसून कोंबडीचे सूप घेत, घंटा झाली की क्रूस करीत आणि उठत. मग येण्याचा नेम राहिला नाही. कधी यावे, कधी न यावे. न आले तर कोणास नवल वाटेना. ऑगस्टमध्ये ते आपल्या जिन्यावरून घसरले. पदेर सकाळी पाव घेऊन आला, तो दाराला लटकविलेल्या पिशवीत आदल्या दिवशीचे पाव तसेच. त्याने हाका मारल्या, तेव्हा आतून आवाज आला. एक रात्र आणि एक दिवस आणि आणखी एक रात्र ते जिन्याखाली होते. यात दोष कोणाच्या माथी मारावयाचा नाही. जिना त्यांचाच, पाऊसही सगळ्यांचा. खुब्याचे हाड जोडले, आणि ते वाचले.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायतींच्या हद्दीतील दुकानांचा प्रश्न राज्यांकडे सोपविला गेला, आणि पुढे रीतसर परवाना होऊन आंटींचे कुंभ माजघरातून बाहेर आले. पहिल्या दिवशी फार गर्दी झाली असे नाही. पोस्टमन आले, उमेदवार आला. गवंडी तोवर दुसऱ्या गावी कामास गेला होता, तो आजतागायत परतला नाही. तार्वट्यांना काठीने चार पायऱ्या चढवेनात, तेव्हा आंटींनी लंगडे टेबल उचलून अंगणात मांडले. तेथे जमीनच वाकडी असल्याने ते आता डुगडुगत नाही. चौकट राजा कोठे गेला, याचा तपास लागलेला नाही.

अलीकडे आंटींचे गुडघे दुखतात. मुलगा इंग्लंडात स्विंडनला आहे; तो बोलावतो. घरास गिऱ्हाईकही येऊन गेले. त्याने खोल्या मोजल्या, विहिरीत वाकून पाहिले, आणि कोंबडी न खाताच गेला. नाताळ झाला की जाईन, असे आंटी म्हणतात. गेली तीन वर्षे म्हणत आहेत. आमच्या कुटुंबाने हे फार मनावर घेऊन काफ्रियल शिकून घेण्याचे ठरविले. आंटींनी काही हातचे राखले नाही. शिरक्याची बाटलीसुद्धा दिली. दोन रविवारी आमच्या घरी प्रयोग झाला. रंग बरोबर आला, कडाही नीट करपल्या, बटाट्याच्या फोडींनी तवा स्वच्छ पुसून निघाला. आम्ही दोघांनी मनापासून वाखाणणी करीत ती खाल्ली, आणि पंधरा मिनिटांत संपविली.